सोयाबीनच्या पानातली लुळी अळी आणि शेजारचा पांढरा किडा: औषध मारायच्या आधी फोड उघडून बघा

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला आणि फोटो मोठे करून दोनदा बघितले. तुम्ही लिहिलंय की निपाणीकडं तुमच्या सोयाबीनच्या पानांना तपकिरी फोड आलेत, वाळल्यासारखे चट्टे, त्यातला एक फोड नखानं सोलला तर आत काळ्या डोक्याची बारकी हिरवट अळी लुळी पडलेली, काडी लावली तरी हलत नाही, तिला चिकटून एक पांढरट बिनपायाचा किडा, आणि दुसऱ्या एका फोडात तिळाहून बारीक काळा कोष. दुकानदार म्हणाला ही नवीन कीड आलीय, दोन औषधं मिसळून आजच्या आज मारा. आणि तुम्ही विचारताय हा दुसरा किडा कुठला आणि मारू का नको.

सरळ सांगतो, आज पंप काढू नका. तो पांढरा किडा तुमच्या पिकाचं पान खात नाही, तो अळी खातोय. ते एका बारक्या गांधीलमाशीचं पिल्लू आहे आणि तो काळा कोष म्हणजे तसंच एक पिल्लू खाणं आटपून कोषात गेलेलं. पैसे घालून जे काम औषधाकडनं करून घ्यायला निघालाय ते तुमच्या शिवारात आधीच सुरू झालंय. मी बेळगाव तालुक्यात गेली बावीस वर्षं हेच करतोय, शेतकऱ्यांकडनं पोखरलेली पानं आणायची, बरणीत कापड बांधून ठेवायची, बाहेर पतंग पडतोय की माशी पडतीय ते बघायचं आणि मगच काय ते सांगायचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण हे आत काय चाललंय ते एकदा कळलं की पुढच्या हंगामात तुम्हाला कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

गांधीलमाशी म्हटलं की आढ्याला पोळं करणारी, डसली की हात सुजवणारी पिवळी माशी डोळ्यासमोर येते. ही तसली नव्हं. ही दीड-दोन मिलिमीटरची, ह्यांच्यातल्या काही ऊन पडलं की हिरव्या-निळ्या चमकतात, काही पिवळट असतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत, पानावर बसलेली दिसली तर तुम्ही चिलट म्हणून सोडून देणार. आपल्याकडं मित्रकीड किंवा परोपजीवी म्हणतात, शास्त्रात ह्या कुळाला युलोफिडी नाव आहे. सोयाबीनवर आणि शेंगांच्या पिकावर जी पानं पोखरणारी अळी येते (अप्रोएरेमा मोडिसेला तिचं नाव) तिच्यावर आपल्या देशात स्टेनोमेसियस जापोनिकस नावाची ह्याच कुळातली माशी नेहमी सापडते. कोषावरनं कूळ ओळखता येतं, उघडा काळा कोष फोडातच पडलेला असला की युलोफिडी, पांढऱ्या रेशमी धाग्यात गुंडाळलेला असला की बहुतेक ब्रॅकोनिडी, म्हणजे मित्र-माश्यांचंच दुसरं कूळ. नेमकी जात सांगायला भिंगाखाली माशीच लागते.

तुम्ही खिडकीच्या चौकटीला नाहीतर देवघराच्या कोपऱ्यात मातीचं मडकं करणारी कुंभारीण बघितली असणारच. लहानपणी ते मडकं फोडलं असेल तर आत हिरव्या अळ्या गच्च भरलेल्या, जिवंत पण हलत नाहीत. कुंभारीण मडक्यात आधी अंडं घालते, मग अळ्यांना डंख मारून लुळ्या करते, आत भरते आणि तोंड लिंपून टाकते, म्हणजे पिल्लाला बाहेर यायच्या आधी ताजं खाणं तयार. पानातली ही बारकी माशी तेच करते, फक्त हिला मडकं करायची गरज नाही, खोली अळीनंच करून ठेवलेली असते.

आता ती खोली बघा. पतंग पानावर अंडं घालतो, अळी बाहेर आली की पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्याच्या मधे शिरते आणि मधला हिरवा गर खाते. पापुद्रे तसेच राहतात म्हणून बाहेरनं आपल्याला फोड दिसतो. पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही, मुंगी-कोळी सहज पोचत नाहीत, आणि वरनं मारलेलं बरंचसं औषधही पापुद्र्यावरच राहतं. सोयाबीनवरची ही अळी पाच-सहा दिवस अशी आत राहते, मग मोठी झाली की बाहेर येऊन दोन-तीन पानं जाळीनं चिकटवून त्यात बसून खाते, ती पुढची अवस्था तुमच्याही रानात काही ठिकाणी दिसत असेल. एवढी लपलेली अळी म्हणजे सगळ्यात सुरक्षित असं वाटतं ना, पण उलट आहे. पानं पोखरणाऱ्या अळ्यांवर जेवढ्या जातींच्या परोपजीवी माश्या जगतात तेवढ्या उघड्यावर खाणाऱ्या अळ्यांवरही नाहीत. कारण फोड लांबनं दिसतो, आणि आतल्या अळीला लांब पळायला वाट नाही.

माशी तिथंवर पोचते कशी हे मला आजही सगळ्यात जास्त आवडतं. विळ्यानं कापलेल्या पानाचा वास वेगळा आणि अळीनं खाल्लेल्या पानाचा वेगळा, अळीच्या लाळेमुळं झाड काही खास वास हवेत सोडतं आणि माशीच्या मिशांना तो कळतो. जवळ आली की अळीच्या विष्ठेचा वास. एकदा एका वासावर अळी सापडली की माशी तो वास लक्षात ठेवते, पुढच्या वेळी तिकडंच आधी वळते, म्हणजे ती शिकते. पानावर उतरली की मिशांनी टकटक करत फोडाभोवती फिरते, मधेच थांबते, परत फिरते.

आणि इथनं पुढं दोघींची लपाछपी सुरू होते. सफरचंदाच्या पानात राहणारी एक अळी आहे, फायलोनोरिक्टर मालेला, तिच्यावर सिम्पिएसिस सेरिसिकॉर्निस नावाची युलोफिडी माशी येते, ह्या जोडीवर युरोपात फार बारकाईनं काम झालंय, फ्रान्समधल्या तूर विद्यापीठाचे जेरोम कासास आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पानाची थरथर लेझरनं मोजली. माशी पानावर उतरली की तिच्या पावलांची थरथर आतल्या अळीला पोचते आणि अळी खायचं थांबवते, गप्प राहते. माशी सुई खुपसते, अळी वळवळून दुसऱ्या कोपऱ्यात सरकते, सरकल्याची थरथर परत माशीला कळते, ती तिकडं वळते. अळी नेमकी कुठल्या बाजूला सरकेल ते सांगता येत नाही, तिचा बचाव तेवढाच आहे. मी स्वतः कडोली भागात एका टोमॅटोच्या पानावर भिंग धरून अर्धा तास हे बघत बसलो होतो, मान दुखायला लागली पण उठवेना, माशीनं कितीतरी वेळा सुई खुपसली आणि दर वेळी दोन पावलं सरकून परत स्तब्ध उभी राहायची, जणू कान लावून ऐकतीय.

ती सुई म्हणजे खरं तर अंडी घालायची नळी, म्हणून ती फक्त मादीला असते. तीन पात्यांची असते, एक वरचं आणि दोन खालची, खालची दोन आळीपाळीनं पुढंमागं सरकतात आणि करवतीसारखं कापत आत जातात, त्यामुळं केसाएवढी बारीक नळी पानाचा पापुद्रा फोडते तरी वाकत नाही. त्याच नळीतनं आधी विष जातं. अळी लुळी पडते पण मरत नाही, आणि हे महत्त्वाचं, कारण मेली तर दोन दिवसांत सडणार आणि पिल्लू उपाशी राहणार. हे विष किती जहाल ते सांगतो, ह्यांच्याच नात्यातली हॅब्रोब्रॅकॉन हेबेटर, जिला आपल्याकडं ब्रेकॉन म्हणून ओळखतात, तिच्या विषाचा १ भाग अळीच्या रक्ताच्या २० कोटी भागांत मिसळला तरी अळी लुळी पडते असं मोजलेलं आहे. विष स्नायूंना मिळणारा निरोपच तोडतं, म्हणून तुम्ही काडी लावली तरी ती हलली नाही.

मग ती अंडं अळीवर किंवा अळीच्या शेजारी ठेवते. पिल्लू बाहेर आलं की अळीच्या कातडीला तोंड लावतं आणि आतला रस ओढून घेतं, तुमच्या फोटोत जे चिकटलेलं दिसतंय ते हेच. अळी चिपाडासारखी होत जाते, पिल्लू फुगत जातं. पोट भरलं की तिथंच फोडात कोष होतो, आणि ह्यातल्या काही जातींची पिल्लं कोषात जायच्या आधी स्वतःच्या विष्ठेचे बारके खांब भोवतीनं उभे करतात, फोडाचं छत वाळून कोषावर बसू नये म्हणून. भिंगातनं ते काळे खांब ओळीत उभे दिसतात, एकदा बघाच. आपल्या श्रावणातल्या हवेत अंड्यापासून माशी बाहेर पडेपर्यंत साधारण दीड-दोन आठवडे लागतात. बाहेर पडताना ती पापुद्र्याला गोल नीटस भोक पाडते. म्हणून जुन्या वाळलेल्या फोडाला बारीक गोल भोक दिसलं की बहुतेक वेळा तिथनं माशी उडालीय असं समजायचं.

एक गोष्ट अशी की शंभरातल्या नव्वद लोकांना माहीत नसते. आईला पोरगी की पोरगा हे ठरवता येतं. ह्या माश्यांत नराकडनं मिळालेलं बीज वापरून घातलेल्या अंड्यातनं मादी होते आणि न वापरता घातलेल्या अंड्यातनं नर होतो. अळी लहान असली तर माशी बहुतेक नराचं अंडं घालते, मोठी असली तर मादीचं, कारण मादीला पुढं अंडी तयार करायची असतात आणि तिला खाणं जास्त लागतं. आता शेतकऱ्याच्या बाजूनं ह्याचा अर्थ बघा, रानात सगळ्या अळ्या अगदी बारक्या असताना दिसणाऱ्या माश्यांत नर जास्त, जरा मोठ्या अळ्या मिळाल्या की माद्या वाढतात, आणि त्यानंतरच्या पिढीत खरा जोर येतो. म्हणून पहिला फोड दिसला की लगेच औषध मारणारा माणूस तो जोर येऊच देत नाही.

अजून एक, सगळ्याच लुळ्या अळ्यांजवळ तुम्हाला पिल्लू दिसणार नाही. माशीला स्वतःची अंडी पिकवायला प्रथिनं लागतात, त्यासाठी ती कधी कधी अळीला नुसती टोचते, भोकातनं आलेला रस चाटते आणि निघून जाते, अंडं घालतच नाही. ती अळी पण मरते. त्यामुळं फोडात नुसती सुकलेली अळी आणि शेजारी काहीच नाही असं दिसलं तर तेही बऱ्याच वेळा माशीचंच काम.

हे झालं बाहेरनं खाणाऱ्यांचं. दुसरी तऱ्हा आतनं खाणाऱ्यांची, आणि ती डोळ्यांनी दिसत नाही. ब्रॅकोनिडी कुळातली अपँटेलिस आणि तिच्या जवळच्या माश्या अळीच्या अंगातच अंडं घालतात आणि अळीला लुळी करत नाहीत. अळी खात राहते, वाढत राहते, आत पिल्लू वाढत राहतं. अळीच्या रक्तातल्या पेशी परकी वस्तू दिसली की तिच्याभोवती गोळा होऊन तिला कोंडून मारतात, पण ही माशी अंड्याबरोबर विषाणूसारखे कणही आत सोडते, ते अळीची ही राखणच बंद पाडतात. हे विषाणू माशीच्याच वंशात पिढ्यानपिढ्या उतरत आलेत. शेवटी पिल्लू अळीचं अंग फोडून बाहेर येतं आणि पांढरा रेशमी कोष विणतं. म्हणजे तुम्ही फोड उघडल्यावर जी अळी जिवंत, वळवळती दिसली तिच्यातही आत माशी असू शकते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी केलेली मोजणी नेहमी माशीचं काम कमीच दाखवते.

बटाट्याचं सांगतो कारण माझ्या भागात ते पीक मोठं. बटाट्यावरचा पतंग, फ्थोरिमिया ऑपरक्युलेला, मूळचा दक्षिण अमेरिकेचा, १९०६ साली इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्याबरोबर मुंबईला उतरला. त्याची अळी बटाट्याचं पानही पोखरते आणि साठवणीतला बटाटाही, आणि तुमच्या निपाणी भागातल्या तंबाखूच्या पानातही हीच अळी सापडते, तंबाखू आणि बटाटा एकाच घराण्यातले ना. तिच्यासाठी कोपिडोसोमा कोहलेरी नावाची माशी बाहेरच्या देशातनं आणून सोडली गेली. ती पतंगाच्या अंड्यात एक अंडं घालते, अंड्यातनं अळी बाहेर येते, पान खाते, मोठी होते, आणि तोवर आतल्या त्या एका अंड्याची विभागणी होत होत तीस-चाळीस माश्या होतात. अळी शेवटी ताठ होते, ज्वारीच्या दाण्यांनी भरलेल्या पिशवीसारखी, आणि त्यातनं सगळ्या बहिणी, नाहीतर सगळे भाऊ, एकदम बाहेर पडतात. मी पहिल्यांदा ती पिशवी फुटताना बघितली तेव्हा घरच्या सगळ्यांना हाक मारून बोलावलं होतं.

आता औषधाचं. पापुद्र्याच्या आतली अळी औषधापासनं बरीच वाचते, आणि पानावर दिवसभर पायी फिरणारी माशी औषधाच्या थरावरनंच चालते. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन असली पायरेथ्रॉइड औषधं माशीला फार जहाल, आणि जैविक म्हणून नाव असलेलं स्पिनोसॅडही माश्यांना सोडत नाही हे लक्षात ठेवा. २०१४ साली टुटा, म्हणजे टोमॅटोची दक्षिण अमेरिकन नागअळी, महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडली आणि मग आपल्याकडंही आली, तेव्हा सगळेच घाबरलो होतो. मी पण एका शेतकऱ्याला आठ-आठ दिवसांनी फवारणी सांगितली. तिसऱ्या फवारणीनंतर फोड कमी व्हायच्या ऐवजी वाढले, पानं आणून बरणीत ठेवली तर सगळे पतंगच पडले, माशी एकही नाही. शेजारच्या बांधावर शेपू फुलावर आलेला तुकडा होता, त्याच्या कडेच्या टोमॅटोची पानं ठेवली तर त्यातनं माश्या निघाल्या. त्या शेतकऱ्याचं जे नुकसान झालं ते माझ्या सल्ल्यानं झालं आणि तेव्हापासनं फोड उघडल्याशिवाय मी फवारणी सांगत नाही.

तर उद्या सकाळी ऊन चढायच्या आत रानात जा, एका कडेनं न जाता पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून चार-चार फोडांची पानं तोडा, म्हणजे वीस फोड होतात. शिवायच्या सुईनं पापुद्रा उचला आणि दहा पटीचं भिंग मिळालं तर बरं, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा. आत अळी वळवळती आणि ताजी हिरवी विष्ठा, म्हणजे जिवंत. लुळी, सुकलेली, शेजारी पांढरं पिल्लू, काळा उघडा कोष, पांढरा रेशमी कोष, नाहीतर वर गोल भोक, हे सगळं माशीच्या खात्यावर लिहा. माझी स्वतःची पद्धत अशी की वीसातले आठ-दहा जरी माशीच्या खात्यावर असले तर मी आठवडाभर थांबायला सांगतो आणि परत मोजायला लावतो. वीसातले सतरा-अठरा जिवंत, पाऊस उघडलेला, आणि पीक फुलावर किंवा शेंगा भरतानाचं असलं तरच औषधाचा विचार. ही अळी कोरड्या उघडिपीत वाढते, चांगला पाऊस झाला की कमी होते, त्यामुळं आभाळाकडंही बघून ठरवा. मारायचंच झालं तर निंबोळी अर्क आधी, आणि दुसरं काही लागलंच तर एकच औषध, दोन मिसळून नको, आणि संध्याकाळी.

तोडलेली पानं जाळू नका, पुरू पण नका, आत माशीचे कोष असतात. जुनी बादली घ्या, त्यात पानं टाका, तोंडाला बारीक मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा आणि बांधावर सावलीत ठेवा. बारकी माशी जाळीतनं निघून जाते, पतंग आत अडकून मरतो. पावसाचं पाणी आत जाऊ देऊ नका, पानं कुजली तर दोन्ही जातात.

आणि बांधावर वीतभर पट्ट्यात शेपू, कोथिंबीर, बडीशेप टाकून ठेवा आणि थोडी फुलावर जाऊ द्या, सगळी कापून बाजारात नेऊ नका. माशीचं तोंड आखूड, तिला अशा उघड्या बारक्या फुलांतलाच मध घेता येतो, आणि मध मिळाला की ती जास्त दिवस जगते आणि जास्त अळ्यांपर्यंत पोचते. लोक विचारतात की ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा माश्या रानात सोडायचं कार्ड, आणून लावू का. ट्रायकोग्रामा ही पतंगाच्या अंड्यावरची माशी, अळी एकदा पानात शिरली की तिचा उपयोग नाही, तुमच्या रानात आता अळ्या आत गेल्यात म्हणून ह्या टप्प्यावर कार्डावर पैसे घालू नका. पुढच्या वर्षी पतंग दिसायला लागले की त्या वेळी लावा.

त्या वीसांशिवाय आणखी दहा-बारा फोड न उघडता एका काचेच्या बरणीत पण ठेवा, तळाला कागद, तोंडाला सुती कापड आणि रबर, आणि रोज सकाळी बघा. आठव्या-दहाव्या दिवसापासनं पडायला लागतील. चमकणारी नाहीतर पिवळट, मिशा हलवत भराभर चालणारी ती माशी, आणि राखाडी-तपकिरी, पंख मिटून बसलेला तो पतंग. दोन्हींचा आकडा आणि तारीख लिहून मला कळवा, जमलं तर बरणीचा फोटो पण टाका, मग पुढची फवारणी करायची का नाही ते आपण त्या आकड्यावरनं ठरवू.